मालवणचं अभयारण्य मोडून मच्छीमाराच्या हाती काय येणार?

मालवणचं सागरी अभयारण्य रद्द करा, ही मागणी इतकी जुनी झाली आहे की ऐकणाऱ्याला ती आता वाजवीच वाटू लागते. 13 एप्रिल 1987 रोजी राज्य सरकारनं मालवणच्या किनाऱ्यासमोरचं सुमारे 29 चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर केलं. त्यातला गाभा जेमतेम 3.18 चौरस किलोमीटरचा. शिवाजी महाराजांनी 1664 साली कुरटे बेटावर बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग, शेजारचा पद्मगड आणि त्यांच्या आजूबाजूचे पाण्याखालचे खडक, एवढाच तो भाग. रद्द करा म्हणणारे सांगतात ते असं : इतक्या वर्षांत अभयारण्यानं काही दिलं नाही. मच्छीमाराच्या डोक्यावर मात्र टांगती तलवार राहिली. शास्त्रज्ञ आले, बुड्या मारल्या, प्रवाळं मोजली, इंग्रजीत निबंध छापले आणि निघून गेले. मासा काही वाढला नाही. मग हे ठेवायचं कशाला? यावर आमच्यासारखा कोणी उलट बोलला की शेवटचं उत्तर ठरलेलं असतं : घाटावर बसून तुम्हाला समुद्रातलं काय कळतंय?

मी दौंडचा आहे, तेव्हा आधी या शेवटच्या मुद्द्याचंच उत्तर देतो. आमच्या भीमेचं पाणी मालवणला जात नाही. ती पूर्वेला वाहत कृष्णेला मिळते आणि कृष्णेसोबत बंगालच्या उपसागरात जाते. अरबी समुद्राशी आमचा पाण्याचा संबंध नाही हे कबूल. पण पाण्याचा एखादा तुकडा राखून न ठेवल्यानं काय होतं, हे ज्याला बघायचं असेल त्यानं दौंडला जरूर यावं. तुळापूरला इंद्रायणी भीमेला मिळते. पुढं रांजणगाव सांडस आणि वाळकीच्या शिवेवर मुळा-मुठा पुण्याचं सांडपाणी घेऊन येते. तिथून ते पाणी दौंडवरून उजनीच्या फुगवट्यात उतरतं. काठावरच्या म्हाताऱ्या भोई माणसाला विचारा, तो वाम, मरळ, आहेर, खवली अशी नावं भराभर सांगतो. त्यांतली किती हल्ली जाळ्यात येतात असं विचारलं की मान हलवतो. भिगवणच्या बाजारात क्रेट उपडा होतो तेव्हा चिलापीचा ढीग पडतो. राखाडी अंगाचा, काटेरी परांचा, कसल्याही पाण्यात तग धरणारा हा मासा मुळात आफ्रिकेचा. ढिगात बोटाएवढी पिल्लंही असतात, कारण बारीक आसाची जाळी कुणाला सोडत नाही.

ही नदी अडाणी माणसांची होती असंही नाही. देहूला इंद्रायणीच्या डोहातले मासे धरायचे नाहीत, हा नियम लोकांनीच पाळला. महाडजवळ वाळणकोंडीला काळ नदीतल्या डोहाचे मासे वरदायिनी देवीचे म्हणून आजही राखतात. राखीव पाणी ही कल्पना सरकारी कचेरीत जन्मलेली नाही, ती आपल्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली आहे. दौंड-शिरूरच्या पट्ट्यात मात्र आम्ही वाळू उपसली, डोह बुजवले, पाणी नासवलं आणि माशांना लपायला एक कोपरासुद्धा ठेवला नाही. पुण्याच्या नद्यांतल्या माशांच्या याद्या 1940 च्या दशकातच छापल्या गेल्या होत्या. पण यादी म्हणजे मोजणी नव्हे. एकाच डोहात वर्षानुवर्षं केलेली मोजणी आम्हा दौंडकरांच्या हाती नाही. त्यामुळं आमचा मासा सांडपाण्यानं मेला, वाळूउपशानं गेला, चिलापीनं खाल्ला की जाळ्यानं संपवला, हे भांडण आम्ही कुणाशीच जिंकू शकत नाही. प्रत्येक जण दुसऱ्याकडं बोट दाखवतो आणि सुटतो. मालवणकरांवर ही पाळी येऊ नये, एवढ्यासाठी घाटावरचा माणूस बोलतो आहे.

आता मूळ तक्रारीकडं येऊ. 1987 ची घोषणा ज्या रीतीनं झाली ती चुकीची होती, यात मला काडीची शंका नाही. जिथं पिढ्यान्‌पिढ्या होड्या लागतात, जाळी वाळतात, ज्या खडकांची नावं पोरासोरांना पाठ असतात, ते पाणी एका सकाळी राखीव झालं. गाबीत मच्छीमारांना विश्वासात घेऊन ते झालं नाही. पुढं हक्कांची चौकशी आणि निवाडा ही कामं रेंगाळत राहिली. आपण कायद्यात बसतो की गुन्हेगार ठरतो, हे वर्षानुवर्षं माहीत नसणं ही मोठी यातना आहे. या रागाला मी नावं ठेवणार नाही.

जगातही हे घडलं आहे आणि मालवणपेक्षा भयंकर रीतीनं. हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवरची माणसं ब्रिटिशांनी 1968 ते 1973 या काळात हुसकावून लावली. 2010 साली त्याच बेटांभोवती त्यांनी अवाढव्य सागरी राखीव क्षेत्र जाहीर केलं. 2015 साली आंतरराष्ट्रीय लवादानं ते समुद्री कायद्याचा भंग करणारं ठरवलं. प्रवाळ वाचवण्याच्या नावाखाली दुसऱ्याचे हक्क डावलता येत नाहीत, हे त्या निकालानं लेखी झालं. अभयारण्याची बाजू घेणाऱ्या प्रत्येकानं हे प्रकरण समोर ठेवलं पाहिजे. किनाऱ्यावरच्या माणसाला हटवा म्हणजे समुद्र आपोआप सुधारेल, असं मानणारे शहरी निसर्गप्रेमी आहेतच, आणि त्यांचं म्हणणं मला रद्द करा म्हणणाऱ्यांइतकंच चुकीचं वाटतं.

पण या अन्यायाचं उत्तर अभयारण्य मोडणं हे कसं काय होतं? वन्यजीव संरक्षण कायद्यात 1991 साली दुरुस्ती झाली. प्रादेशिक समुद्रातलं क्षेत्र अभयारण्यात घ्यायचं असेल तर नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षकाशी विचारविनिमय करून हद्द ठरवावी आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्याचे पुरेसे उपाय आधी करावेत, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. अभयारण्यात एखाद्याचा हक्क चालू ठेवायची मुभाही कायदा जिल्हाधिकाऱ्याला देतो. म्हणजे मालवणचा मच्छीमार जे मागतो आहे ते कायद्यानं आधीच कबूल केलं आहे. ते वसूल करायचं सोडून कायद्याचं कलमच टाकून द्या, असा सल्ला त्याला दिला जातो आहे. सरकारनं तीन दशकं काम केलं नाही, त्याची शिक्षा सरकारला होत नाही. ती खडकातल्या शेवंडीला आणि तिच्यावर पोट असणाऱ्याला होते.

राहिला मासा वाढला का, हा प्रश्न. त्याचं उत्तर द्यायला फिलिपिन्समधल्या सुमिलोन बेटाची हकीकत तपशिलानं सांगायला हवी, कारण एवढा स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो. सेबू बेटाजवळचं हे छोटंसं बेट. 1974 साली दुमागेते शहरातल्या सिलिमन विद्यापीठाचे संशोधक एंजेल अल्काला यांच्या पुढाकारानं त्याच्या प्रवाळाचा सुमारे पाव भाग मासेमारीला बंद झाला. उरलेल्या तीन चतुर्थांशात लोक पिंजरे, गळ आणि जाळी लावत राहिले. संशोधकांनी नुसती प्रवाळं मोजली नाहीत. मच्छीमारांच्या टोपलीत रोज काय पडतं तेही वर्षानुवर्षं तोललं. 1984 साली स्थानिक राजकारण बदललं आणि बंदी मोडली. सगळं बेट सगळ्यांना मोकळं झालं. रद्द करा म्हणणाऱ्यांचा हिशेब खरा असता तर मासेमारीचं क्षेत्र वाढल्यानं मासळीही वाढायला हवी होती. अल्काला आणि त्यांचे सहकारी गॅरी रस यांनी पुन्हा तोललं. दीड वर्षातच एकूण मासळी 54 टक्क्यांनी घटली होती. पाव भाग बंद असताना जेवढं मिळत होतं, त्याच्या निम्मंही सगळं बेट उघडल्यावर मिळेना.

कारण साधं आहे. खडकातला मोठा मासा लहान माशाच्या कित्येक पट अंडी घालतो. त्याला म्हातारं होऊ दिलं तर त्याची पिलावळ राखीव हद्द ओळखत बसत नाही, बाहेर येते. शेजारच्या आपो बेटावरच्या लोकांनी हे डोळ्यांनी पाहिलं आणि 1982 पासून आपला तुकडा आपणच राखायला घेतला. पहारा मच्छीमारांचा, दंड मच्छीमारांचा. या कामासाठी अल्काला यांना 1992 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेक्सिकोतल्या काबो पुल्मोचंही तसंच. तिथं गावकऱ्यांच्या मागणीवरून 1995 साली राखीव उद्यान झालं आणि 1999 ते 2009 या दहा वर्षांत तिथल्या माशांचं एकूण वजन 463 टक्क्यांनी वाढल्याचं मोजलं गेलं. ही तिन्ही ठिकाणं श्रीमंतांची नाहीत. किनाऱ्यावरच्या गरीब गावांची आहेत.

यावर जाणकार मच्छीमार एक खरा आक्षेप घेतो आणि तो टाळून चालणार नाही. तो म्हणतो, आमचं पोट बांगड्यावर, तारलीवर, सुरमईवर. ही मासळी थव्यानं फिरती. तुमच्या तीन चौरस किलोमीटरच्या खडकात ती थांबतच नाही, तर त्या खडकाला राखून बांगडा कसा वाढणार? बरोबर आहे. नाही वाढणार. सिंधुदुर्गाभोवतीचा गाभा राखल्यानं तांबोशी, गोबरा, शेवंड, कालवं, शिनाणे यांना आसरा मिळेल; बांगड्याचा प्रश्न त्यानं सुटणार नाही. त्यासाठी कोणतं जाळं, किती, कोणत्या महिन्यात, किनाऱ्यापासून किती अंतरावर, हे ठरवावं लागतं.

आणि शास्त्रज्ञांनी मच्छीमाराला काय दिलं, हे विचारणाऱ्यांनी इथं थोडं थांबावं. रापणीचं जाळं होडीतून कमानीसारखं पाण्यात सोडतात आणि त्याचे दोन दोर किनाऱ्यावर तीस-चाळीस बाया-बापे ओढत आणतात. वाटा प्रत्येकाला. पर्ससीन थव्याला वेढा घालतं, तळाची दोरी आवळतं आणि थवाच्या थवा उचलतं. हे दोन व्यवसाय एका पाण्यात बरोबरीनं जगू शकत नाहीत, हे रापणकर ओरडून सांगत होते. त्यांचं ऐकलं कुणी नाही. ऐकलं गेलं ते भारतीय मत्स्य सर्वेक्षणाचे माजी महासंचालक डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या समितीनं अभ्यास करून अहवाल दिल्यावर. पर्ससीन परवाने टप्प्याटप्प्यानं 182 वर आणावेत, अशी शिफारस त्यात होती. त्या अहवालाच्या आधारावर 5 फेब्रुवारी 2016 चा आदेश निघाला आणि पर्ससीनला क्षेत्राची आणि सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांची मर्यादा पडली. प्रकाशझोत टाकून मासे गोळा करण्याच्या पद्धतीवर 2017 साली केंद्रानं बंदी घातली. अंमलबजावणी ढिली आहे, हायस्पीड ट्रॉलर रात्री आत घुसतात, सगळं मान्य. पण रापणकराच्या हातात आज जो कागद आहे तो मोजणीतून आलेला आहे. मोजणारा माणूस हाकलून दिला तर पुढच्या लढाईत तो कोणता कागद दाखवणार?

राखीव गाभ्याचं दुसरं काम याहून मोलाचं आहे आणि त्याविषयी कुणी बोलत नाही. आमच्याकडं उसाच्या रानात नवं खत बघायचं असतं तेव्हा जाणता शेतकरी एक सरी तशीच सोडतो, तिला काहीच घालत नाही. ती सरी नसेल तर वाढ खतानं झाली की पावसानं, हे कळायला मार्ग उरत नाही. समुद्रात ही सोडलेली सरी म्हणजे राखीव गाभा. उद्या मालवणात शेवंड कमी झाली तर ती समुद्र तापल्यानं कमी झाली की जाळ्यांनी, बंदराच्या गाळानं की पर्यटकांच्या पायांनी, हे ठरवायला जिथं जाळं पडत नाही असं एक ठिकाण लागतं. ते नसेल तर सगळा दोष सोयीनं सगळ्यात दुबळ्या माणसावर, म्हणजे छोट्या होडीवाल्यावर येतो. भीमेकाठी आम्ही हेच बघत आलो.

तापमानाचा मुद्दा काल्पनिक नाही. लक्षद्वीपमध्ये 1998, 2010 आणि 2016 साली पाणी तापून प्रवाळं पांढरी पडली. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या संशोधकांनी त्याच त्या जागा चोवीस वर्षं मोजल्या. 1998 साली साधारण 37 टक्के तळ जिवंत प्रवाळानं झाकलेला होता, 2022 साली तो 19 टक्क्यांवर आला. दोन तडाख्यांमध्ये सहाएक वर्षं शांततेची मिळाली तर प्रवाळ पुन्हा जोम धरतं, हेही त्याच मोजणीतून कळलं. लक्षद्वीपचे मच्छीमार पूर्वापार गळानं ट्यूना धरत आले, प्रवाळातल्या माशांच्या मागं फारसे लागत नसत. पहिल्या तडाख्यानंतर प्रवाळ सावरलं त्यामागं ही गोष्ट होती, असं संशोधक सांगतात. सूर्याला आवरणं मालवणच्या हातात नाही. नांगर आवरणं आहे.

नांगराबद्दल बोललंच पाहिजे. मालवणचं प्रवाळ लक्षद्वीपसारखं निळ्याशार पाण्यातलं नाही. गढूळ पाण्यात, गाळ अंगावर घेत, खडकाला चिकटून हळूहळू वाढणारी ही पोरायटीस, टर्बिनेरिया अशी जातकुळी. एखाद्या गोळ्याला डोक्याएवढा व्हायला कित्येक वर्षं लागतात. त्यावर स्नॉर्केलिंगच्या होडीचा लोखंडी नांगर पडतो, नवखा पर्यटक फोटोसाठी त्याच्यावर पाय देऊन उभा राहतो, आणि मासे जवळ यावेत म्हणून पाव-बिस्किटं टाकली जातात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी 2020 साली नेमकं हेच लिहिलं : हौशी डायव्हिंगमुळं मालवणच्या राखीव क्षेत्रात प्रवाळाची मोडतोड होते आहे आणि त्याची जबाबदारी कुणाचीच नाही. रद्द करा म्हणणाऱ्यांच्या भाषणात हा नांगर मला कधी ऐकू आला नाही. अभयारण्य गेलं तर त्याला उरलासुरला अटकावही राहणार नाही. पर्यटनावर मालवणची शेकडो घरं चालतात, ती चालावीत. पण नांगराऐवजी ठरावीक जागी बांधलेले बोये आणि दिवसाला होड्यांची मर्यादा एवढं तरी त्याच घरांच्या पुढच्या पिढीसाठी हवं.

संशोधकांवरचा एक आरोप मात्र मी पूर्ण मान्य करतो. ज्याच्या पाण्यावर अभ्यास केला त्याला तो अभ्यास कळत नाही. मालवणच्या प्रवाळाची हकीकत परदेशी नियतकालिकांत मिळते, तिथल्याच दांडीच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमाराला त्याच्या भाषेत मिळत नाही. हा अपमान आहे. ज्याची होडी भाड्यानं घेतली, ज्यानं खडक दाखवला, त्याला निष्कर्ष सांगायची तसदी न घेणारं संशोधन अर्धंच झालेलं असतं.

जिथं ही अर्धी वाट पुढं चालली गेली तिथं चित्र वेगळं आहे. वेळासला 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना घेऊन कासवांची घरटी राखली. आज कोकणात जागोजाग गावकरीच कासवांची अंडी जपतात. 2018 साली वन विभागाच्या कांदळवन कक्षानं मत्स्य विभागासोबत योजना काढली. कासव, देवमासा, व्हेल शार्क असा संरक्षित जीव जाळ्यात आला तर जाळं कापून तो सोडावा, फोटो किंवा चित्रफीत द्यावी आणि जाळ्याची भरपाई 25 हजार रुपयांपर्यंत घ्यावी. मच्छीमाराला गुन्हेगार न मानता राखणदार मानलं की तो जाळं कापतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनं 2011 नंतर जो प्रकल्प चालला, त्यात ट्रॉलच्या खोळीला चौकोनी आसाचं जाळं लावून बघितलं गेलं. नेहमीचा तिरका आस ओढ बसली की मिटतो आणि पिल्लं अडकतात. चौकोनी आस उघडा राहतो, पिल्लं निसटतात. त्याच प्रकल्पात वेंगुर्ल्याच्या स्वामिनी बचत गटाच्या बायकांनी मांडवी खाडीत कांदळवनाची सफर सुरू केली. संशोधन आणि रोजी एकमेकांच्या उरावर बसल्याशिवाय राहत नाहीत, असं कुणी सांगितलं तर त्याला वेंगुर्ल्याला पाठवा.

उद्या हाच वाद विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरएक किलोमीटरवरच्या आंग्रिया बँकेवरून उठणार आहे. तिथं सुमारे 2000 चौरस किलोमीटरचं बुडालेलं पठार आहे, वर प्रवाळ आहे, आणि ते संरक्षित करण्याच्या हालचाली सुरू झालेल्याच आहेत. मालवणचं भांडण आपण कसं सोडवतो त्यावर आंग्रियाचं भवितव्य ठरेल.

म्हणून मागणी बदला. हक्कांचा निवाडा ठरावीक मुदतीत पुरा करा आणि छोट्या होडीचा, रापणीचा, गळाचा हक्क लेखी नोंदवा. गाभ्याची हद्द बोयांनी पाण्यात दिसेल अशी आखा, ती मच्छीमारांसोबत होडीत बसून ठरवा, पहाऱ्याचं काम आणि त्याचा पगार त्यांनाच द्या. 31 जुलैला पावसाळी बंदी संपायच्या आधी दर वर्षी त्या गाभ्यातली मोजणी मराठीत, मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत, सगळ्यांसमोर वाचून दाखवा. आकडे घसरले तर का घसरले हे शास्त्रज्ञाला तिथंच विचारा. या मागण्यांसाठी मोर्चा निघाला तर दौंडहून रात्रीची गाडी धरून यायला आम्ही तयार आहोत.

एवढं करूनही ज्यांना अभयारण्य नकोच असेल त्यांनी रद्द करण्याचा ठराव जरूर मांडावा. फक्त त्या ठरावात एक ओळ वाढवावी : सिंधुदुर्गाभोवतीचं ते तीन चौरस किलोमीटर पाणी मोकळं झाल्यावर तिथं आधी कोणाचं जाळं पडेल, दांडीच्या होडीवाल्याचं की रात्रीच्या अंधारात आत शिरणाऱ्या ट्रॉलरचं, आणि ट्रॉलरचं पडू नये म्हणून तुम्ही कोणता कायदा दाखवणार आहात.